लेखिकेच्या तोंडी फक्त तिचंच वाक्य: सोलापूरच्या एका वाचनालयाने केलेल्या श्रुतिकेचं प्रकरण

पार्श्वभूमी

सोलापूरच्या जुन्या गावठाणात एक सार्वजनिक वाचनालय आहे. नाव मुद्दाम देत नाही, पण सोलापूरकरांना अशी दोन-चार वाचनालयं लगेच आठवतील. खाली पेपरचं टेबल, मधल्या खोलीत पुस्तकांची कपाटं आणि वरच्या मजल्यावर अभ्यासिका. अभ्यासिका सकाळपासून फुल असते, एमपीएससी, पोलीस भरती, तलाठी, सगळी पोरंपोरी त्या कपाटांसमोरूनच जिना चढतात आणि कपाट मात्र कुणी उघडत नाही. ग्रंथपाल मॅडमना हे फार लागायचं. त्या म्हणायच्या, पोरं वाचत नाहीत असं नाही हो, दिवसाचे दहा-दहा तास वाचतात, फक्त हे वाचत नाहीत.

त्यातून कल्पना निघाली की २७ फेब्रुवारीच्या मराठी भाषा गौरव दिनाला दरवर्षीसारखं भाषण ठेवण्यापेक्षा पुस्तकांच्या आणि लेखकांच्या इतिहासावर छोट्या श्रुतिका करायच्या. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवता येतील, अभ्यासिकेत स्पीकरवर लावता येतील, आणि कान तर जेवताना, बसमध्ये, झोपण्याआधी मोकळेच असतात. समितीतल्या जुन्या मंडळींनी आकाशवाणीची नभोनाट्यं ऐकलेली, त्यामुळे ते लगेच तयार झाले. एका हौशी नाट्यसंस्थेतले दिग्दर्शक आले, एकांकिका लिहिणारे एक सर आले, आणि मी स्क्रिप्ट वाचणं, नोंदी ठेवणं आणि नंतर एडिटिंगला बसणं या कामासाठी होतो.

अडचण नेमकी काय होती

पहिला भाग राम जोशींवर करायचं ठरलं, त्यात कुणाचंच दुमत नव्हतं. सोलापूरचा माणूस, उत्तर पेशवाईतला शाहीर, घरात कीर्तन-पुराणाची परंपरा, थोरला भाऊ मुद्गल जोशी, आणि हा तमाशाच्या फडाकडे ओढला गेलेला. पुढे मोरोपंतांची गाठ पडली आणि त्यांच्या आर्या याने कीर्तनातून लोकांपर्यंत नेल्या. यात नाट्य ठासून भरलंय. सरांनी झपाट्याने स्क्रिप्ट लिहिली, दिग्दर्शकांनी बसवली, ढोलकी आणली, आणि पायलट रेकॉर्ड झाला.

समितीसमोर लावला तेव्हा खोलीत विचित्र शांतता होती. पहिलं म्हणजे कोण बोलतंय ते कळेना, आठ पात्रं आणि सगळी रंगमंचावर बोलावं तशी शेवटच्या रांगेपर्यंत आवाज फेकत होती, आणि चेहरे दिसत नसल्यामुळे भाऊ कोण, मित्र कोण, फडमालक कोण याचा गोंधळ. पण हे दुरुस्त होण्यासारखं होतं. खरी गोष्ट काढली ती एका निवृत्त मराठीच्या शिक्षिकेने. त्यांनी शांतपणे विचारलं की मुद्गल भावाला घराबाहेर काढताना जे काही बोलतो ते कुठं लिहिलंय? सर म्हणाले, असंच झालं असणार की. बाई म्हणाल्या, असणार वेगळं आणि होतं वेगळं, पोरं हे ऐकून परीक्षेत लिहितील.

मग सगळ्यांनी नीट बघितलं तर लक्षात आलं की निम्मे प्रसंग १९४७ साली आलेल्या राम जोशींवरच्या सिनेमाच्या आठवणीतून आलेत, काही दंतकथा आहेत, काही सरांच्या कल्पनेतले, आणि ऐकणाऱ्याला यातलं कुठलं काय हे कळायला काहीच मार्ग नाही. आणि मला सगळ्यात जास्त खटकलं ते असं की अख्खा भाग एका कवीवर होता, अठरा मिनिटं, आणि त्यात त्या कवीची एकही रचना पूर्ण ऐकू येत नव्हती. ढोलकीवर एक ध्रुवपद येतं आणि लगेच संवाद सुरू. राम जोशी बोलत होते भरपूर, पण त्यातलं त्यांचं स्वतःचं जवळपास काहीच नव्हतं.

माझ्या मते लेखकांवरच्या बहुतेक नाटकांत इथंच पाय घसरतो. लेखकाचं आयुष्य रंगवता रंगवता त्याने लिहिलेलं मागे पडतं, आणि आपण ऐकतो तो लेखक नसतोच, त्याच्या नावाचं एक पात्र असतं.

समोर कुठले पर्याय होते

पुढच्या बैठकीत चार सूचना आल्या आणि बरीच वादावादी झाली.

एक, नाटक सोडा आणि कॉलेजच्या प्राध्यापकांकडून पंधरा मिनिटांचं व्याख्यान रेकॉर्ड करून घ्या. चुकायची भीती नाही, खर्च नाही. पण मग वरच्या मजल्यावरची पोरं ते का ऐकतील? त्यांच्या मोबाईलमध्ये आधीच शेकडो तासांची लेक्चर्स पडलेली.

दोन, आहे ते ठेवा आणि शेवटी सांगा की काही प्रसंग काल्पनिक आहेत. दिग्दर्शकांना हे पटत होतं. बाईंनी विरोध केला, कारण काही म्हणजे कुठले हे सांगत नाही तोवर त्या वाक्याचा उपयोग शून्य, आणि शेवटपर्यंत ऐकतं कोण.

तीन, नुसतं अभिवाचन. मूळ पुस्तकातली पानं चांगल्या आवाजात वाचायची. प्रामाणिक पर्याय, पण यात पुस्तकाचा इतिहास येत नाही, ते कुणी छापलं, किती छापलं, लोकांनी काय केलं त्याचं, हे कुठून कळणार?

चौथी सूचना ग्रंथपाल मॅडमची आणि तीच शेवटी टिकली. नियम असा की लेखकाच्या तोंडी लेखकाने लिहिलेलंच वाक्य द्यायचं, दुसरं एकही नाही. कापायची मुभा, बदलायची नाही. बाकी जी पात्रं लागतील ती उघडपणे काल्पनिक ठेवायची, आणि ती कोण हे भाग सुरू होण्याआधी सांगायचं. आणि जी माणसं खरोखर होऊन गेली पण ज्यांचे शब्द आपल्यापाशी नाहीत, त्यांना बोलायलाच लावायचं नाही.

दिग्दर्शक वैतागले, मग नाटक कुठाय यात? प्रश्न बरोबर होता. लेखक उत्तर देऊ शकत नाही, रडू शकत नाही, घरच्यांशी भांडू शकत नाही, तर संघर्ष आणायचा कुठून? याचं उत्तर त्या बैठकीत मिळालं नाही, पुस्तक निवडल्यावर मिळालं.

कुठलं पुस्तक आणि का

राम जोशी बाजूला ठेवले आणि ताराबाई शिंद्यांचं ‘स्त्रीपुरुष तुलना’ घेतलं. समितीत लगेच प्रश्न आला की बुलढाण्याच्या बाई, पुण्यात छापलेलं पुस्तक, सोलापूरचा काय संबंध? मॅडमचं म्हणणं होतं की संबंध आपल्या कपाटांशी आहे.

या पुस्तकाची गोष्ट थोडक्यात अशी. १८८१ मध्ये सुरतेला विजयालक्ष्मी नावाच्या तरुण विधवेला स्वतःच्या मुलाच्या हत्येबद्दल फाशीची शिक्षा झाली, आणि त्यानिमित्ताने वर्तमानपत्रांतून सगळ्या स्त्रीजातीवरच ताशेरे सुरू झाले. त्याला उत्तर म्हणून ताराबाईंनी हे लिहिलं, जे दोष बायकांना लावता ते पुरुषांत नाहीत का, असा सरळ जाब. १८८२ मध्ये पुण्याच्या श्री शिवाजी छापखान्यात ते छापलं गेलं, प्रती ५००, किंमत नऊ आणे. टीका झाली. जोतीराव फुल्यांनी १८८५ मध्ये ‘सत्सार’ या आपल्या नियतकालिकाच्या दुसऱ्या अंकात ताराबाईंची बाजू घेतली. त्यानंतर ताराबाईंचं दुसरं पुस्तक आलं नाही, आणि हेही लोकांच्या नजरेआड गेलं ते थेट १९७५ पर्यंत, स. गं. मालशे यांनी ते पुन्हा प्रसिद्ध केलं तोवर.

नव्वदहून जास्त वर्षं. पुस्तक नष्ट झालं नव्हतं, फक्त कुणी उघडलं नव्हतं. ज्या वाचनालयाची कपाटं कुणी उघडत नाही तिथं यापेक्षा जवळचा विषय कुठला असणार?

दुसरं कारण व्यवहाराचं. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी कॉपीराइट संपतो, त्यामुळे ताराबाईंची मूळ संहिता मोकळी आहे. पण नंतरच्या संपादकांच्या प्रस्तावना आणि टिपा यांचा हिशोब वेगळा, त्यातली वाक्यं उचलायची नाहीत हे पहिल्या दिवशीच ठरवून टाकलं. असं काम करणाऱ्या प्रत्येकाने ही तपासणी स्क्रिप्टच्या आधी करावी, नंतर फार गुंतायला होतं.

तिसरं कारण नियमाची परीक्षा. ताराबाईंच्या आयुष्याबद्दल फार थोडं माहीत आहे. वडील बापूजी हरी शिंदे, बुलढाण्यात सरकारी कचेरीत नोकरीला, असा काही तपशील मिळतो, पण त्या कशा बोलायच्या, घरात काय वातावरण होतं, लिहायला कुठं बसायच्या, हे काही नाही. म्हणजे कल्पनेने भरायला मोकळं मैदान, आणि तिथंच आपण भरायचं नाही असं ठरवलेलं.

काय केलं

नाटक सापडलं ते छापखान्यात. सरांनीच सुचवलं आणि मला वाटतं या सगळ्या प्रकरणातला सर्वात चांगला निर्णय हाच. नायक कोण, तर पुस्तकाचे खिळे, म्हणजे छपाईची धातूची सुटी अक्षरं, जुळवणारा एक काल्पनिक कंपोझिटर, आणि त्याच्या हाताखाली शिकणारा पोऱ्या. कंपोझिटर मध्यमवयीन, घरी बायकोला धाकात ठेवणारा, आणि हस्तलिखित समोर ठेवून ओळ न् ओळ जुळवतोय. तो वाचत जातो तसा ताराबाईंचा आवाज येतो. त्याला राग येतो, तो पोऱ्याशी बोलतो, हातातली ओळ जुळवायची नाही म्हणून उठून जातो, पोऱ्या विचारतो पुढं काय लिहिलंय, आणि तो परत येऊन बसतो, कारण पुढं काय लिहिलंय हे त्यालाही बघायचं असतं. ताराबाई त्याला उत्तर देत नाहीत, त्या फक्त पुढचं वाक्य म्हणतात, आणि ते वाक्यच उत्तर ठरतं. छापखान्याचे मालक खरे होऊन गेलेले, म्हणून ते नाटकात नाहीतच, आतल्या खोलीत आहेत एवढंच.

हे बरोबर वाटावं म्हणून सोलापुरातल्या एका निवृत्त कंपोझिटर काकांकडे गेलो. त्यांनी आयुष्यभर लग्नपत्रिका, हँडबिलं, सहकारी बँकांचे अहवाल जुळवलेले. त्यांनी कपाटाच्या वरून जुनी स्टिक, म्हणजे ओळ जुळवायची हातातली पट्टी, काढली, त्यात खिळे उलटे बसवून दाखवले, अक्षर आरशातल्यासारखं उलटं, आणि अंगठ्याने ओळ दाबून धरत म्हणाले की आम्ही मजकूर वाचत नाही, अक्षरं वाचतो, पण एखादं वाक्य असं येतं की हात थांबतो. इंग्रजीपेक्षा देवनागरीच्या केसला, म्हणजे खिळे ठेवायच्या पेटीला, खाने कितीतरी जास्त, जोडाक्षरं वेगळी, काने-मात्रे वेगळे, तरी काकांचा हात न बघता जात होता. हात थांबतो हे त्यांचं वाक्य जसंच्या तसं स्क्रिप्टमध्ये गेलं, काल्पनिक कंपोझिटरच्या तोंडी, त्यांची परवानगी घेऊन.

आवाजाचा प्रश्न तिथंच सुटला. आम्ही एका छापखान्यातल्या ट्रेडल मशीनचा खडखडाट रेकॉर्ड करून आणला होता, दिग्दर्शकांना तो फार आवडलेला. काका म्हणाले, हे पायाचं मशीन आहे, हाताने ओढायच्या प्रेसची लय अशी नसते. १८८२ ला त्या छापखान्यात नेमकं कुठलं यंत्र होतं याचा पुरावा हातात नव्हता, मग यंत्र दाखवायचंच कशाला? खिळे स्टिकमध्ये पडतानाचा टिक-टिक आवाज मात्र कुठल्याही छापखान्यात तोच, तो घेतला. आणि त्याचा एक फायदा नंतर कळला. मोबाईलच्या छोट्या स्पीकरवर मशीनचा जड धडधडाट ऐकूच येत नाही, खालचे सूर गायब होतात, पण खिळ्यांची बारीक टिकटिक स्वच्छ ऐकू येते. ऐकणारे नव्वद टक्के मोबाईलवरच ऐकणार असतील तर मिक्सिंगही मोबाईलच्या स्पीकरवर तपासायला हवं, हे मी कुणालाही सांगेन.

रेकॉर्डिंगला स्टुडिओ परवडणारा नव्हता. वाचनालयाची मागची खोली घेतली, आणि ती घुमत होती म्हणून एका सभासदाच्या दुकानातून चादरी आणि जाड टर्किश टॉवेल आणून दोरीवर चारी बाजूंनी टांगले. सोलापुरात या मालाला तोटा नाही. टॉवेल चादरीपेक्षा जास्त कामाचे, आवाज अक्षरशः शोषून घेतात. अडचण मागच्या बोळातल्या पॉवरलूमची, माग चालू असले की भिंतीतूनच खडखड येते, चादरी काय करणार तिला. म्हणून माग जेवणाच्या सुट्टीला थांबले की धावत जाऊन ताराबाईंचा उतारा घ्यायचा आणि कंपोझिटरचे संवाद नंतर, कारण त्यांच्या मागे थोडी खडखड आली तरी खपून जाते.

ताराबाई कोण होणार, इथं सगळ्यात मोठा वाद झाला. संस्थेतल्या एक अनुभवी अभिनेत्री होत्या, आवाज कमावलेला, उच्चार स्वच्छ. आणि अभ्यासिकेतली एक मुलगी होती, पूर्व भागातली, पद्मशाली घरातली, घरी तेलुगू, शाळा मराठी. ती सहज चिठ्ठी टाकून गेली होती की मला वाचायला आवडेल. समितीतले एक जण म्हणाले, एवढं महत्त्वाचं पुस्तक, उच्चार प्रमाण पाहिजेत. दुसरे म्हणाले की बुलढाण्याच्या बाई म्हणजे वऱ्हाडी ढब हवी. वऱ्हाडी नक्कल करायची नाही यावर मात्र एकमत झालं, त्या कशा बोलायच्या हे माहीत नसताना ढब लावणं म्हणजे परत कल्पनाच.

शेवटी दोघींकडून एकच उतारा रेकॉर्ड करून घेतला आणि नाव न सांगता खाली पेपर वाचायला येणाऱ्यांना ऐकवला. अभिनेत्रींचं वाचन लोकांना सुंदर वाटलं. मुलीचं वाचन ऐकून एक आजोबा म्हणाले, ही कुणाशी भांडलालीय? तिथंच निवड झाली. १८८२ ची वाक्यं लांबच लांब आहेत, श्वास कुठं घ्यायचा तेच कळत नाही, पण तिने ती पेन्सिलने तुकडे पाडून घेतली होती आणि भांडणात जसा श्वास राखून ठेवतात तशी म्हणत होती. अभिनेत्री मोठ्या मनाच्या, त्यांनीच मग तिला माईकपासून अंतर कसं ठेवायचं, प आणि फ फुटू नयेत म्हणून तोंड किंचित बाजूला कसं धरायचं ते शिकवलं.

एक निर्णय राहिला, १८८५ ते १९७५ हा काळ आवाजात कसा दाखवायचा. शांतता ठेवली तर मोबाईलवर माणूस म्हणणार फाईल अडकली. निवेदन दिलं तर पुन्हा लेक्चर. मॅडमनी वाचनालयातलेच आवाज दिले, कपाटाची कुरकुर, पंखा, रजिस्टरवर तारखेचा ठप्पा, आणि प्रत्येक ठप्प्याबरोबर दुसऱ्याच कुठल्यातरी पुस्तकाच्या आत-बाहेरची नोंद एक आवाज म्हणतो. दशकं जातात, ठप्पे पडतात, हे पुस्तक काही निघत नाही.

पुढे काय झालं

२७ फेब्रुवारीला अभ्यासिकेत दुपारच्या सुट्टीत भाग लावला. सक्ती नव्हती, डबे चालू होते. सुरुवातीला साध्या आवाजात सांगितलं की कंपोझिटर आणि पोऱ्या काल्पनिक आहेत आणि ताराबाईंचं प्रत्येक वाक्य छापील पुस्तकातलं आहे. दोन-तीन मिनिटांत कुजबुज थांबली. त्या कपाटातली ‘स्त्रीपुरुष तुलना’ची प्रत त्याच संध्याकाळी गेली आणि परत आली की लगेच दुसरं कुणी नेत होतं, मॅडमनी नंतर आणखी प्रती मागवल्या. बाकीच्या कपाटांना लगेच गर्दी झाली असं मात्र नाही.

ज्येष्ठ सभासदांतल्या काहींना नाट्य कमी वाटलं, ढोलकी तरी ठेवायची होती असं एक जण म्हणाले. त्यांचं म्हणणं खोडून काढायचं कारण नाही, त्यांनी ज्या नभोनाट्यांवर कान तयार केला ती वेगळ्या घडणीची होती.

सगळ्यात उपयोगी प्रतिक्रिया आली ती आम्ही जिथं पाठवलंच नव्हतं तिथून. त्या मुलीची आई विड्या वळते. तिने घरी मोबाईल सुपाशेजारी ठेवून भाग लावला, शेजारच्या बायकाही तिथंच वळत बसलेल्या, हात कामात आणि कान मोकळे. मराठी सगळ्यांना सारखं येत नाही, जुनं मराठी तर नाहीच, मधेमधे मुलगी तेलुगूत सांगत होती. भाग संपल्यावर त्यांनी पुस्तकाबद्दल काही विचारलं नाही. त्यांनी विचारलं, त्या सुरतच्या बाईचं पुढं काय झालं?

आणि याचं उत्तर भागात नव्हतं. विजयालक्ष्मीच्या खटल्यावरून पुस्तक लिहिलं गेलं आणि स्क्रिप्टमध्ये ती दुसऱ्या मिनिटानंतर कुठंच नाही. तिच्या अपिलात फाशी टळून हद्दपारीची शिक्षा झाली होती, हे आमच्या शिक्षिका बाईंनी काढलेल्या टिपणात होतं, लांबी कमी करताना गेलं. नव्या आवृत्तीत पोऱ्या हाच प्रश्न कंपोझिटरला विचारतो.

वेगळं काय करता येईल

ऐकवून बघणं फार उशिरा झालं. स्क्रिप्ट समितीत वाचली गेली, पेपर वाचणाऱ्यांना आवाजाची निवड ऐकवली, पण पूर्ण भाग कच्च्या स्वरूपात बाहेरच्या कुणाला आधी ऐकवला असता तर विजयालक्ष्मीचा प्रश्न आधीच आला असता. पुढच्या भागापासून कच्चं रेकॉर्डिंग आधी विडी कामगार बायकांच्या त्या घोळक्यात जाणार आहे, हे ठरलंय.

तेलुगू, कन्नड घरांचा विचारही सुरुवातीपासून व्हायला हवा. सोलापुरात मराठी श्रुतिका म्हणजे फक्त मराठी घरांसाठी असं धरून चालता येत नाही. यावर दोन मतं आहेत, सर म्हणतात पोऱ्यालाच दुभाषी करावं, बाई म्हणतात पुण्याच्या छापखान्यात तेलुगू बोलणारा पोऱ्या ओढून-ताणून वाटेल, त्यापेक्षा शेवटी वेगळा दोन मिनिटांचा तेलुगू सारांश जोडावा. मला बाईंचं पटतं.

माझा एक आग्रह अजून मान्य झालेला नाही. भागात ताराबाईंचे जे उतारे वापरले ते पुस्तकात कुठल्या पानांवर आहेत याची एक चिठ्ठी वाचनालयाच्या प्रतीत चिकटवावी, म्हणजे ऐकून आलेल्या माणसाला सरळ ते पान उघडता येईल. समितीला वाटतं चिठ्ठीने पुस्तक खराब होतं.

राम जोशी परत घेतलेत. सर नव्याने लिहितायत, आता भावांचं भांडण एक काल्पनिक कीर्तनकार सांगतो, म्हणतात की, असं सांगतात की, अशा शब्दांत, आणि राम जोशी फक्त गातात. एक लावणी सुरुवातीपासून शेवटपर्यंत, मधे संवाद नाही. त्याला किती मिनिटं द्यायची यावर सध्या दिग्दर्शक आणि सर यांचं चालू आहे. ढोलकी मात्र यावेळी आहे.